जनुकाच्या प्रती केमोथेरपीने वाढत नाहीत: न्यूरोब्लास्टोमाविषयीच्या एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाविषयी एक मजकूर बऱ्याच काळापासून या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. तो असा: ‘हा बाळांचा कॅन्सर मुळात आपोआप विरून जाणारा आहे आणि हे ओळखूनच जपानने त्याची तपासणी बंद केली. डॉक्टर मात्र केमो सुरू करतात, त्या विषाने पेशीतला एक जीन शेकडो पटींनी वाढतो आणि साधी गाठ जीवघेणी होते. केमो ९७ टक्के निरुपयोगी असल्याचे त्यांच्याच संशोधनात सिद्ध झाले आहे. जीनची तपासणी हा नुसता धंदा आहे. दोष रक्तातून आलेला असतो, त्यावर औषध नाही. तेव्हा गाठ थोडी लहान झाली की केमो थांबवा आणि बाळाला घरी आणा.’

हा मजकूर निव्वळ थाप म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्यातील बहुतेक विधानांच्या मुळाशी एखादे खरे निरीक्षण आहे. जपानने तपासणी खरोखर थांबवली, काही बाळांच्या गाठी खरोखर विरतात, आणि काही औषधांच्या सान्निध्यात पेशींमधील काही जनुकांच्या प्रती वाढतात हेही प्रयोगशाळेत दिसलेले आहे. पण एका नावाखाली नांदणारे किमान दोन निरनिराळे आजार या मजकुराने एकच मानले आहेत, आणि त्या दोहोंना वेगळे ओळखण्याची जी सर्वांत भरवशाची खूण आहे तिलाच उपचाराचे पाप ठरवले आहे.

आधी आजाराविषयी थोडे. गर्भावस्थेत मज्जारज्जूच्या बाजूने निघून शरीरभर पसरणाऱ्या काही पेशींपासून अनुकंपी चेतासंस्था (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या काही क्रिया सांभाळणारी) आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथींचा गाभा तयार होतो. या पेशींपैकी काही प्रौढ न होता वाढतच राहिल्या की न्यूरोब्लास्टोमा होतो. त्यामुळे गाठ बहुधा पोटात अॅड्रीनलपाशी असते, किंवा कण्याच्या बाजूने मान, छाती, ओटीपोट यांपैकी कोठेतरी. मेंदूबाहेरच्या घट्ट गाठींमध्ये लहान मुलांत हीच सर्वाधिक आढळते, आणि बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात. ज्या जनुकाची चर्चा चालू आहे त्याचे नाव एमवायसीएन; जुन्या लेखनात ते एन-मिक म्हणून येते. ते दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते आणि निरोगी पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. सुमारे वीस टक्के न्यूरोब्लास्टोमांच्या पेशींत मात्र या प्रती डझनांनी किंवा शेकड्यांनी मोजाव्या लागतात. यालाच जनुकाचे प्रवर्धन म्हणतात.

आता मजकुरातील मुख्य विधान: ‘केमोमुळे जीन वाढतो.’

या विधानाला एक इतिहास आहे आणि तो रंजक असल्यामुळे येथे थोडे थांबणे भाग आहे. १९६५ साली मुलांच्या काही कर्करोगांच्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या आसपास जोडीजोडीने पडलेले अगदी बारीक ठिपके दिसल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील जून बीडलर आणि बार्बरा स्पेंग्लर यांनी गुणसूत्रांवरील एका चमत्कारिक पट्ट्याचे वर्णन केले. गुणसूत्र रंगवले की सामान्यतः आडव्या गडद-फिकट पट्ट्या उमटतात, पण या भागात कोणताच भेद न उमटता सारा रंग एकसारखा बसत होता. हा पट्टा त्यांना दोन प्रकारच्या पेशींत सापडला: मेथोट्रेक्सेट या कर्करोगविरोधी औषधाच्या जातीच्या औषधांना दाद न देणाऱ्या चिनी हॅमस्टरच्या पेशींत, आणि मानवी न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींत. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, रॉबर्ट शिम्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकाराचा उलगडा केला. मेथोट्रेक्सेट ज्या विकराला (एन्झाइमला) निकामी करते त्याच विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती त्या चिवट पेशींत साठलेल्या होत्या.

औषध आणि जनुकवाढ यांचा संबंध लोकांच्या मनात बसला तो येथून. पण त्या प्रयोगात काय घडले होते ते नीट पाहिले पाहिजे. पेशींना औषधाची मात्रा महिनोन्‌महिने हळूहळू वाढवत देण्यात आली. प्रत्येक पायरीवर बहुतेक पेशी मेल्या आणि ज्यांच्याकडे त्या विशिष्ट विकराच्या जनुकाची एखादी जादा प्रत योगायोगाने होती त्या तगल्या. औषधाने निवड केली, आणि निवड केली ती स्वतःच्याच लक्ष्याच्या जनुकाची. न्यूरोब्लास्टोमाच्या प्रचलित उपचारात सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, एटोपोसाइड, सायक्लोफॉस्फमाइड, व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन ही औषधे येतात. मेथोट्रेक्सेट त्यात नसते, आणि एमवायसीएन हे जनुक यांपैकी एकाही औषधाचे लक्ष्य नाही. राहिला दुसरा प्रकार, म्हणजे न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींतला तसाच पट्टा. त्या पेशी अशा औषधाच्या मात्रा वाढवत निवडलेल्या नव्हत्या, तरीही पट्टा होताच. त्यात नेमके कोणते जनुक साठले आहे हे १९८३ मध्ये कळले. कर्करोगाशी संबंधित असलेल्या मिक या ज्ञात जनुकाचा एक भाऊबंद तेथे सापडला आणि त्याला एन-मिक हे नाव मिळाले.

यानंतर विचारायला हवा होता तो प्रश्न लगेच विचारला गेला: उपचाराला हातही लावण्यापूर्वी मुलांच्या गाठीत या जनुकाची स्थिती काय असते? गॅरेट ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याचे उत्तर दिले. त्यांनी ६३ गाठी तपासल्या आणि त्या सर्व उपचारापूर्वी घेतलेल्या होत्या. ‘उपचार न झालेल्या’ हे विशेषण त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आहे. त्यांपैकी २४ गाठींत जनुकाच्या प्रती ३ ते ३०० पटींनी वाढलेल्या आढळल्या. आजार फारसा न पसरलेल्या, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या टप्प्यातील १५ गाठींपैकी एकीतही वाढ नव्हती, तर तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील ४८ पैकी निम्म्या गाठींत ती होती. ज्या मुलांच्या शरीरात केमोथेरपीचा थेंबही गेलेला नव्हता, त्यांच्या गाठीत जनुकाच्या तीनशे पटींपर्यंत प्रती केमोथेरपीने कशा निर्माण केल्या, हे या मजकुराच्या कर्त्याने सांगायला हवे.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट सीगर यांच्या गटाने अशाच, उपचारापूर्वी तपासलेल्या ८९ मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या गाठीत जनुकाची वाढ नव्हती त्यांच्यापैकी ७० टक्के मुलांचा आजार दीड वर्षापर्यंत पुन्हा वाढला नाही. तीन ते दहा प्रती असणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते आणि दहापेक्षा अधिक प्रती असणाऱ्यांत अवघे ५ टक्के. लक्षात घ्या, प्रती मोजल्या गेल्या त्या निदानाच्या वेळी आणि वाईट परिणाम आला तो नंतर.

तरीही कोणी म्हणेल की सुरुवातीला काही मुलांत प्रती वाढलेल्या असतील, पण उरलेल्यांत त्या केमोने वाढत असतील. ही शंका रास्त आहे आणि तिचीही तपासणी झालेली आहे. १९८७ मध्ये ब्रोडर यांनी ६० मुलांच्या बाबतीत एकाच वेळी निरनिराळ्या जागांहून, किंवा काही काळाच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांची तुलना केली. प्रतींची संख्या एकाच मुलाच्या नमुन्यांमध्ये सातत्याने सारखी राहत असल्याचे त्यांना आढळले. ज्या गाठीत प्रवर्धन होते तिच्यात ते राहिले. ज्या गाठीत नव्हते तिच्यात ते उपचारानंतर उगवले नाही. याला अपवाद आहेत. मोजक्या मुलांच्या गाठीत काही पेशी प्रवर्धन झालेल्या आणि काही न झालेल्या अशी सरमिसळ असते आणि पहिल्या नमुन्यात त्या थोड्या पेशी हाती न लागता पुढे त्यांचे पारडे जड होऊ शकते. पण तेथेही प्रवर्धन आधीच हजर असते.

मग प्रती वाढतात तरी कशा? १९६५ साली दिसलेले ते ठिपके म्हणजे गुणसूत्रापासून सुटून गोल झालेले डीएनएचे वेढे असतात. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्ही लेकी पेशींना काटेकोर सारखी वाटली जातात, कारण त्यांना पकडून दोन बाजूंना ओढून नेता येईल असा एक बिंदू प्रत्येकावर असतो. या वेढ्यांना तो नसतो. त्यामुळे त्यांची वाटणी बेहिशेबी होते, एका पेशीला पाच तर दुसरीला पंधरा. पंधरा मिळालेली पेशी वेगाने वाढते, तिच्या लेकींत पुन्हा तसाच असमान वाटा होतो, आणि काही पिढ्यांत शंभर प्रती असणाऱ्या पेशी गाठीत बहुसंख्य होतात. या साखळीत औषधाची गरज कोठेच लागत नाही. उलट हायड्रॉक्सियुरिया या जुन्या कर्करोगविरोधी औषधाच्या अल्प मात्रेने मानवी रक्तकर्करोगाच्या एका पेशीप्रकारातून मिक जनुकाचे असे वेढे नाहीसे होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्याचा मुलांच्या उपचाराशी आज थेट संबंध नाही, पण औषध म्हणजे जनुकवाढ हे समीकरण किती उथळ आहे ते त्यावरून कळते.

मजकुराच्या काही आवृत्त्यांत याला एक जोड असते: ‘ज्या मुलांना जास्त केमो दिली तीच जास्त दगावली, हे आकडे पाहा.’ आकडे खरे असतील, निष्कर्ष उलटा आहे. प्रवर्धन असलेल्या मुलांचा आजार उग्र असतो म्हणून त्यांना सर्वांत कडक उपचार दिला जातो. उन्हाळ्यात ज्या गावांत टँकरच्या फेऱ्या सर्वाधिक होतात त्याच गावांत पाण्याची टंचाई सर्वाधिक असते. तेवढ्यावरून टंचाई टँकरने आणली असे कोणी म्हणत नाही.

दुसरे विधान: ‘हा कॅन्सर आपोआप जातो, म्हणून तर जपानने तपासणी बंद केली.’

यातील अर्धा भाग खरा आहे आणि वैद्यकशास्त्रातील अतिशय विलक्षण सत्यांपैकी एक आहे. १९७१ मध्ये ज्युलिओ डी’अँजिओ, ऑड्री इव्हान्स आणि एव्हरेट कूप यांनी अशा तान्ह्या बाळांचे वर्णन केले, ज्यांचा आजार यकृत, त्वचा आणि अस्थिमज्जा येथवर पसरलेला असूनही पुढे स्वतःहून ओसरला. पसरलेला कर्करोग म्हणजे शेवट, असे मानण्याच्या काळात हे निरीक्षण धक्कादायक होते. त्यांनी या गटासाठी ‘चार-एस’ असा खास टप्पा सुचवला. आजच्या वर्गीकरणात त्याच्या जागी दीड वर्षाच्या आतील बाळांसाठी ‘एमएस’ हा गट आहे.

जपानने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून हा आजार लवकर शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम चालवला. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी अॅड्रीनलिनच्या कुळातील द्रव्ये बनवतात आणि त्यांचे अवशेष लघवीत उतरतात, यावर ती तपासणी आधारलेली होती. कल्पना चांगली होती. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८९ ते १९९४ दरम्यान जन्मलेल्या सुमारे ४ लाख ७६ हजार बाळांसाठी तिसऱ्या आठवड्यात व सहाव्या महिन्यात अशीच तपासणी योजली, तर जर्मनीने वर्षाच्या आसपासच्या सुमारे १४ लाख ७५ हजार मुलांची केली. दोन्हींचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. गाठी पुष्कळ सापडल्या, पण या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यानंतर जपानने २००३ मध्ये कार्यक्रम थांबवण्याचा निर्णय घेतला.

मजकुराचा कर्ता येथे थांबतो आणि म्हणतो, ‘बघा, आपोआप जाणारा आजार.’ पण मृत्यू का कमी झाले नाहीत, हे त्याने विचारले नाही. तपासणीत सापडत होत्या त्या मुख्यतः सौम्य, बऱ्याचशा स्वतःच विरल्या असत्या अशा गाठी, आणि त्यांच्यात एमवायसीएनचे प्रवर्धन क्वचितच होते. मुलांचे प्राण घेणाऱ्या गाठी तपासणीच्या वेळी एकतर अस्तित्वातच नव्हत्या किंवा नंतर इतक्या झपाट्याने वाढल्या की सहाव्या महिन्याची लघवी त्यांची चाहूल देऊ शकली नाही. सौम्य गाठ हळूहळू उग्र होत गेली असती, तर सौम्य गाठी लवकर काढल्याने उग्र गाठींची संख्या घटायला हवी होती. ती घटली नाही. म्हणजे जपान, क्वेबेक आणि जर्मनीच्या अनुभवातून निघतो तो निष्कर्ष असा की हे दोन आजार बहुतांशी आरंभापासूनच वेगळे आहेत, आणि नेमका हाच निष्कर्ष मजकुरातील पहिल्या विधानाला छेद देतो. केमोने साध्या गाठीचे जीवघेण्या गाठीत रूपांतर होते म्हणणाऱ्याने जपानचे उदाहरण देणे म्हणजे स्वतःच्या विरुद्धचा साक्षीदार स्वतःच उभा करणे आहे.

आणखी एक गोष्ट मजकुरात नाही. ‘चार-एस’च्या बाळातही गाठीत एमवायसीएनचे प्रवर्धन आढळले तर ते बाळ सर्वाधिक जोखमीच्या गटात धरले जाते; ‘आपोआप जाईल’ हा भरवसा त्याच्यापुरता संपतो. शिवाय प्रवर्धन नसतानाही एखाद्या बाळाचे यकृत इतके फुगते की फुप्फुसांना जागा उरत नाही, आणि तेव्हा आजार ओसरायला सुरुवात होईपर्यंत श्वास चालू राहावा म्हणून थोडी केमोथेरपी द्यावी लागते.

तिसरे विधान, ९७ टक्क्यांचे. हा आकडा न्यूरोब्लास्टोमापुरता नाही. तो केमोथेरपीविरोधी लेखनात जगभर फिरतो. त्याचा उगम २००४ मधील एका ऑस्ट्रेलियन लेखात आहे. त्या लेखकांनी २२ प्रकारच्या कर्करोगांचे सर्व रुग्ण एकत्र मोजून, पाच वर्षे जगण्यात एकट्या केमोथेरपीचा वाटा ऑस्ट्रेलियात २.३ टक्के आणि अमेरिकेत २.१ टक्के असल्याचे मांडले. पण ते २२ कर्करोग प्रौढांचे होते, मुले हिशेबात नव्हती, आणि रक्ताचे कर्करोग, म्हणजे जेथे केमोथेरपीचे यश सर्वांत ठळक आहे ते ल्युकेमिया, वगळले होते. छेदात मात्र असे असंख्य रुग्ण होते ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने बरा झाला आणि ज्यांना केमोथेरपीची गरजच नव्हती. ज्यांनी औषध घेतलेच नाही त्यांनाही धरून औषधाचा उपयोग मोजल्यावर आकडा लहानच येणार. त्या लेखात न्यूरोब्लास्टोमाचे एकही मूल नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

न्यूरोब्लास्टोमाचे स्वतःचे आकडे उपलब्ध आहेत आणि ते गुलाबी नाहीत. उग्र गटातील मुलांपैकी पूर्वी फारच थोडी दीर्घकाळ जगत. आज सुमारे निम्मी जगतात, म्हणजे निम्मी अजूनही जगत नाहीत. पण हा प्रवास कशाने झाला ते पाहा. युरोपात २६२ मुलांवर झालेल्या एका चाचणीत साधारण तीच औषधे दर तीन आठवड्यांऐवजी दर दहा दिवसांनी दिली, तेव्हा पाच वर्षांपर्यंत आजार न उलटलेल्या मुलांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले. अमेरिकेत १९९१ ते १९९६ दरम्यान झालेल्या चाचणीत नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा अतितीव्र मात्रा आणि त्यामागून मुलाच्याच अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यांनी तीन वर्षांचे तेच प्रमाण २२ वरून ३४ टक्के केले. मुले कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरले होते, त्यामुळे ‘बरी होणारी मुले निवडून घेतली’ हा आक्षेप येथे टिकत नाही. केमोथेरपी निरुपयोगी असती तर तिचा वेग किंवा मात्रा बदलल्याने काहीच बदलायला नको होते.

‘आता इम्युनोथेरपी आली, केमो कशाला’ हा याचाच अलीकडचा अवतार. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवरील जीडी-२ या रेणूला पकडणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) ही खरोखर मोठी प्रगती आहे. पण आजार उलटलेल्या मुलांच्या एका चाचणीत हे प्रतिपिंड इरिनोटेकान व टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्याच औषधांबरोबर दिले, तेव्हा १७ पैकी ९ मुलांच्या गाठी आटल्या. त्याच दोन औषधांबरोबर दुसरे एक लक्ष्यवेधी औषध दिलेल्या १८ पैकी एकाच मुलाची आटली. तेथे प्रतिपिंड आणि केमोथेरपी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

चौथे विधान थोडक्यात निकालात निघते, तरी घराघरांत त्याने केलेले नुकसान मोठे आहे. ‘जीनचा दोष रक्तातून आला’ म्हटले की बोट बहुधा आईकडे जाते, तिच्या माहेराकडे जाते, तिने गरोदरपणी काय खाल्ले इथपर्यंत जाते. एमवायसीएनचे प्रवर्धन गाठीच्या पेशींत घडते. त्याच बाळाच्या रक्तातील निरोगी पेशी तपासल्या तर तेथे दोनच प्रती सापडतात. ते आईवडिलांकडून येत नाही आणि मुलाकडून पुढे जात नाही. आनुवंशिक न्यूरोब्लास्टोमा आहे, पण तो एक-दोन टक्के रुग्णांत, आणि त्यामागे मुख्यतः एएलके व फॉक्स-टू-बी ही वेगळी जनुके असतात. कुटुंबात दुसरा रुग्ण असेल तर डॉक्टर त्याची स्वतंत्र चौकशी करतात.

पाचवे: ‘जीनची तपासणी हा धंदा.’ मला या मजकुरातील सर्वांत उफराटे विधान हेच वाटते. गाठीच्या तुकड्यावर चमकणारे रंगीत अंश चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजण्याची ही चाचणी ज्या मुलांत प्रवर्धन दाखवत नाही, त्यांची संख्या मोठी आहे, आणि वय, टप्पा व गाठीचे स्वरूप अनुकूल असेल तर त्यांना केमोथेरपी कमी देता येते किंवा अजिबात द्यावी लागत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात प्रवर्धन नसलेल्या, मध्यम जोखमीच्या ४७९ मुलांना पूर्वीपेक्षा बरीच कमी केमोथेरपी देण्यात आली आणि तीन वर्षांनी ९६ टक्के मुले जिवंत होती. त्याहून पुढची पायरी म्हणजे सहा महिन्यांच्या आतील, अॅड्रीनलपाशी लहानशी गाठ असलेली ८७ बाळे. त्यांपैकी ८३ बाळांच्या पालकांनी शस्त्रक्रियेऐवजी सोनोग्राफी व लघवीच्या तपासण्या करत वाट पाहणे पत्करले. बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळच आली नाही, आणि तीन वर्षांनी सर्व बाळे जिवंत होती. मजकूर ज्या ‘काही न करता बरे होण्या’ची स्वप्ने दाखवतो ते रुग्णालयात प्रत्यक्षात केले जाते, फरक एवढाच की ते कोणत्या बाळाच्या बाबतीत करायचे हे आधी तपासून ठरवले जाते. प्रवर्धनाची चाचणी नाकारणारा माणूस नकळत आपल्या बाळाची कमी औषधात सुटण्याची वाटच बंद करतो.

एवढे झाल्यावर मजकुरात न लिहिलेली, पण केमोथेरपीविरुद्ध प्रामाणिकपणे मांडता येईल अशी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. सिस्प्लॅटिनने कानातील नाजूक पेशी मरतात आणि उंच पट्टीतील आवाज ऐकू येईनासे होतात. बोलायला शिकण्याच्या वयातील मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला भेद लागेनासा होतो आणि पुढे शाळेत ते मागे पडते. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर, सायक्लोफॉस्फमाइडचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि एटोपोसाइडनंतर क्वचित दुसरा रक्तकर्करोग उद्भवतो. उपचाराने गाठीच्या जनुकांत काहीच फरक पडत नाही असेही नाही: २०१५ मध्ये २३ मुलांच्या मूळ गाठी आणि उलटलेल्या गाठी यांची तुलना केली तेव्हा १८ उलटलेल्या गाठींत पेशीवाढीच्या एकाच संदेशमार्गात बदल सापडले, आणि त्यातील काहींचा मूळ गाठीत मागमूस नव्हता. उपचारातून तगलेल्या पेशी वेगळ्या असतात, हे खरे आहे. पण ते बदल एमवायसीएनच्या प्रतींचे नव्हते, आणि तगलेल्या पेशी वेगळ्या असतात याचा अर्थ उरलेल्या असंख्य पेशी उपचाराने मेल्या असाही होतो. ज्याला केमोथेरपीवर टीका करायची आहे त्याने कानांविषयी विचारावे, हृदयाच्या तपासण्यांविषयी विचारावे. त्याला उत्तर देणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

राहिला शेवटचा सल्ला: ‘गाठ लहान झाली की थांबवा.’ माझ्या मते हेच वाक्य प्रत्यक्षात सर्वाधिक घात करू शकते, कारण ते अगदी पटण्याजोग्या क्षणी येते. प्रवर्धन असलेल्या गाठी भराभर वाढतात आणि भराभर वाढणाऱ्या पेशींवरच केमोथेरपी जोरात चालते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्या अनेकदा झपाट्याने आटतात. पोट मऊ लागते, डोळ्यांभोवतीचे काळे वर्तुळ जाते, मूल खायला मागते. त्याच वेळी गावाकडे सुगी सुरू झालेली असते, मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास धर्मशाळेत काढलेले महिने अंगावर आलेले असतात, मागे राहिलेल्या दुसऱ्या मुलाची शाळा बुडत असते. जनआरोग्य योजनेतून बिलाचा मोठा भाग सुटला तरी प्रवास आणि बुडालेली मजुरी सुटत नाही. अशा घरात हा मजकूर पोचला तर त्याला फारसे पटवावे लागत नाही, आणि त्याबद्दल त्या कुटुंबाला बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

पण स्कॅनवर गाठ दिसेनाशी होणे आणि अस्थिमज्जेतील शेवटची पेशी मरणे यांत मोठे अंतर आहे. उग्र गटाचा उपचार म्हणूनच टप्प्याटप्प्याने रचलेला असतो: आधी केमोथेरपीच्या फेऱ्या, मग उरलेली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, मग अतितीव्र मात्रा व मूळपेशींचे प्रत्यारोपण, गाठीच्या जागी किरणोपचार आणि अखेरीस उरल्यासुरल्या पेशींसाठीचे औषध. त्यातील हा अखेरचा टप्पा अनावश्यक वाटण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण तोवर मूल बऱ्याचदा धावत-खेळत असते. वर सांगितलेल्या १९९१ ते १९९६च्या चाचणीत आधीचे सारे उपचार संपवलेल्या आणि आजार वाढत नसलेल्या मुलांना अ जीवनसत्त्वाच्या कुळातील एक औषध सहा महिने देऊन पाहिले. तीन वर्षांनी ते घेतलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांचा आजार उलटलेला नव्हता, न घेतलेल्यांत २९ टक्के. पुढील वर्षांत हे अंतर काहीसे कमी झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत प्रत्यारोपणानंतर आजार आटोक्यात असलेली २२६ मुले घेतली आणि निम्म्यांना या औषधाच्या जोडीला जीडी-२ विरोधी प्रतिपिंड दिले. दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण ४६ ऐवजी ६६ टक्के निघाले. मजकुराच्या हिशेबाने यातल्या प्रत्येक मुलाचा उपचार कित्येक महिने आधीच थांबवायला हवा होता.